जास्तीचा कप

सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला विषयाची भीती नसते. नेट झालेली असते, सेट झालेली असते, पीएच.डी.चा व्हायवा पेढे वाटून पार पडलेला असतो, आणि तासिका तत्त्वावर शिकवताना तोच अभ्यासक्रम इतक्यांदा उरकलेला असतो की झोपेत कुणी ‘युनिट तिसरं’ म्हटलं तरी तो सुरू होईल. भीती असते ती दाराची. ‘मे आय कम इन सर’ हे दार उघडण्याआधी म्हणायचं की उघडल्यावर? आधी म्हटलं तर आत ऐकू जात नाही आणि नंतर म्हटलं तर आपण आत आलेलोच असतो. समितीत मॅडम असतील तर त्यांचाही उल्लेख हवा. पण त्या आहेत की नाहीत हे मान आत घातल्याशिवाय कळत नाही, आणि मान आत घातल्यावर परवानगी कशाची मागायची?

मी या दाराच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. तरुणपणी बाहेरच्या बाकावर, पुढे विषयतज्ज्ञ म्हणून आतल्या गादीच्या खुर्चीवर. दोन्हींत बाक जास्त रंजक, हे मी खुर्चीत बसूनही विसरलेलो नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरात एखाद्या महाविद्यालयाची जाहिरात निघाली की त्या बाकावर विद्यापीठाचे चारही जिल्हे येऊन बसतात. परांड्याचा एक, आष्टीचा एक, घनसावंगीची एक, कन्नडचे दोघं. पहाटेच्या एसटीनं उतरून बसस्थानकावरच तोंड धुतलेलं, टाय गावाकडच्या मित्रानं बांधून दिलेला आणि आता सैल करायचीही भीती, कारण पुन्हा बांधणार कोण? मांडीवर फाइल, फाइलमध्ये मूळ कागदपत्रं आणि साक्षांकित प्रतींचे संच. या बाकावर सगळे एकमेकांना ‘सर’ म्हणतात. नोकरी एकालाही नाही, पण ‘सर, तुमचा नंबर कितवा?’, ‘सर, जरा पेन देता का?’ अशी सरबराई चाललेली. पदाची ही एवढीच बाजू आहे की जी नियुक्तीआधी मिळते.

नमस्काराचा प्रश्न तर या शहरात मुळातूनच अवघड. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत इथली महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. उर्दूचे मोठे अभ्यासक मौलवी अब्दुल हक इथे प्राचार्य होते. तेव्हा उमेदवार आदाब करत असणार आणि हात किती वर न्यायचा याच विवंचनेत असणार. 1950 मध्ये बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय काढलं आणि शहराला ‘जय भीम’ मिळाला. नमस्कार होताच, खेड्यातून रामराम येतच होता. आता समितीत बसलेल्या सात जणांपैकी कोणाला काय चालेल याचा अंदाज बाकावर बसून कसा घ्यायचा? शेवटी सगळे तडजोड म्हणून इंग्रजीच्या आश्रयाला जातात. ‘गुड मॉर्निंग सर’ सकाळपासून मनात घोळवतात, आणि नंबर लागतो दुपारी पावणेतीनला. दारात पाऊल टाकताना आठवतं की आता आफ्टरनून झाली. तोंड मात्र सकाळपासून एकाच शब्दावर बसलेलं असतं. ‘गुड मॉर्निंग’ ऐकून दोन सदस्य घड्याळाकडे बघतात आणि उमेदवाराला वाटतं, गेली नोकरी. वास्तविक ते दोघं पुण्याच्या बसची वेळ बघत असतात.

कोटाचंही तसंच. मे महिना, पारा 40 ला टेकलेला, व्हरांड्यातला पंखा फक्त आवाज करणारा. कोट घालावा का, यावर बाकावर दोन मतं असतात. पण मिलिंदच्या परिसरात, नागसेनवनात शिकलेल्या मुलाला हा प्रश्न विचारू नये. त्या झाडांखाली कोट इंग्रजांचा राहिलेला नाही, कधीच बाबासाहेबांचा झाला आहे. तो घामानं भिजेल, पण बटण उघडणार नाही. मला स्वतःला हा एकच पोशाखी संकेत समजतो. बाकीचे सगळे उसने आहेत.

त्यानंतर पाया पडणं. समजा, समितीत आपल्या गाईडचेच गाईड बसले आहेत. घराण्याच्या हिशेबात ते आजोबा. त्यांच्या पाया न पडता खुर्ची ओढून बसणं म्हणजे उद्धटपणा. पडलं तर वशिला उघडा पडतो. शिवाय एकाच्या पडायचं तर उरलेल्या सहांनी काय घोडं मारलंय? सातही जणांच्या पडायचं म्हटलं तर पाय असतात टेबलाखाली, आणि टेबलाला हिरवा कपडा जमिनीपर्यंत सोडलेला. एका मुलानं यातून मधला मार्ग काढलेला मी पाहिला आहे. टेबलाच्या कडेला दोन्ही हात लावून त्यानं ते कपाळाला लावले. पाया कुणाच्या पडला ते कळलं नाही, पण सातही जण प्रसन्न झाले.

मुलाखत सुरू झाली की वाटतं आता तरी विषय येईल. येतो, पण त्याच्यामागून शिष्टाचारही येतोच. काही ठिकाणी दहा मिनिटं शिकवून दाखवायला सांगतात. अध्यक्ष म्हणतात, ‘समजा, आम्ही बी.ए. प्रथम वर्षाचे विद्यार्थी आहोत.’ हे समजणं सोपं नाही. ‘मुलांनो’ म्हणावं तर समोरच्या मुलांपैकी दोघांची बायपास झालेली. ‘मित्रहो’ म्हणावं तर संस्थेच्या सचिवांशी मैत्री झाली कधी? ‘विद्यार्थी मित्रांनो आणि आदरणीय समिती सदस्य’ म्हणावं तर शिकवणं राहतं बाजूला आणि गॅदरिंगचं उद्घाटन होतं. प्रश्न विचारावा तर ‘तू सांग’ म्हणता येत नाही आणि ‘आपण सांगावं’ म्हटलं की आपणच सांगू लागतात, थांबत नाहीत. फळ्याकडे वळलं की समितीकडे पाठ होते, म्हणून उमेदवार तिरका उभा राहून लिहितो आणि ओळ खाली खाली जात टेबलाच्या उंचीवर येते. एकदा मात्र एक उमेदवार शिकवण्यात असा रंगला की मध्येच थांबून म्हणाला, ‘मागं कोण बोलतंय रे?’ कडेचे एक सदस्य मोबाईलवर बोलत होते. मोबाईल खिशात गेला. मी त्या दिवशी सगळ्यांत जास्त गुण त्यालाच दिले. इतरांनी किती दिले, हे विचारायची पद्धत नाही.

इतिहासाची मुलाखत असेल तर मलिक अंबर टळत नाही. 1610 मध्ये त्यानं खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली, पुढे जमिनीखालून नहर खेळवून गावाला पाणी दिलं. हे सगळं उमेदवार एका दमात सांगतो, आणि अध्यक्ष आपुलकीनं विचारतात, ‘तुमच्या भागात नळाला कधी येतं?’ हा प्रश्न मुलाखतीतला की घरगुती? खरं सांगायचं तर महापालिकेवर टीका होते आणि समितीत कुणाचा पुतण्या नगरसेवक असेल ते सांगता येत नाही. पैठणला नाथसागर भरलेला असताना ज्या शहरात कित्येक दिवसांआड पाणी येतं, तिथे समोर ठेवलेला झाकलेला पेला उचलावा की नाही, हाही मग नाजूक प्रश्न होतो. घसा कोरडा पडलेला असतो, पण पेला उचलला तर ‘घाबरला’ अशी नोंद होईल असं वाटतं. न उचलला तर आवाज फुटत नाही आणि नोंद तीच होते.

खरी कसोटी मात्र चहाची. मुलाखत ऐन भरात असताना शिपाईमामा ट्रे घेऊन आत येतात. सदस्य सात, कप आठ. मामा माणसं मोजत नाहीत, भरलेल्या खुर्च्या मोजतात, आणि भरलेल्या खुर्चीपुढे कप ठेवून निघून जातात. आता तो आठवा कप उमेदवाराचा आहे का? बाकावर या प्रश्नाची जेवढी मीमांसा झाली आहे तेवढी कुठल्या सूत्रावर झाली नसेल. एका पक्षाचं म्हणणं असं की ठेवलेला चहा न घेणं हा अन्नाचा आणि संस्थेचा अपमान आहे. दुसरा पक्ष म्हणतो, ‘घ्या’ असा शब्द कुणी उच्चारलेला नाही, तेव्हा तो कप केवळ ठेवलेला आहे, दिलेला नाही. तिसरा पक्ष व्यवहारी. त्याच्या मते अध्यक्षांनी उचलल्यावर उचलावा आणि त्यांनी ठेवायच्या आत ठेवावा. पण अध्यक्षांना शुगर आहे, ते चहा घेतच नाहीत. मग तुम्ही काय शेवटपर्यंत त्यांच्या हाताकडे बघत बसणार? तोवर चहावर साय धरते. साय धरलेला चहा प्यायचा तर ती बोटानं काढावी लागते, आणि काढलेली साय ठेवायची कुठे याचं उत्तर कुठल्याही पक्षाकडे नाही. बशीत चहा ओतण्याचा विचारही मनात आणू नये, हे मात्र सर्वमान्य. आणि प्रश्न नेमका घोट तोंडात असताना येतो. तो तोंड मोकळं असतानाही अवघडच असतो म्हणा.

आतली गोष्ट सांगतो. तो कप आम्हाला दिसतच नाही. आम्ही आमच्याच कपाच्या आणि मानाच्या काळजीत असतो. पहिला प्रश्न कुणी विचारायचा? ज्येष्ठ तज्ज्ञांनी. पण दोघांपैकी ज्येष्ठ कोण, हे सेवेवर मोजायचं की वयावर? चुकून कनिष्ठानं सुरुवात केली तर ज्येष्ठ पुढचा तासभर ‘माझं काही नाही, चालू द्या’ एवढंच म्हणतात. एका तज्ज्ञानं प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच दिलं आणि ते चुकलेलं असलं, तर दुसऱ्यानं दुरुस्त करायचं नाही. उमेदवारानं तर नाहीच. तिघंही ते चुकीचं उत्तर डोक्यावरून जाऊ देतात. टेबलावर काजूची बशी असते. अध्यक्ष घेत नाहीत म्हणून प्राचार्य घेत नाहीत, प्राचार्य घेत नाहीत म्हणून विभागप्रमुख घेत नाहीत. संध्याकाळी आम्ही सगळे मानधनाच्या कागदावर सह्या करायला वळतो तेव्हा कुठे ती बशी रिकामी होते. कुणी खाल्ले ते सातही जणांनी पाहिलेलं नसतं.

आणि तरीही बाकावरच्या मुलांना मी वेड्यात काढणार नाही. 2018 च्या यूजीसी नियमावलीत अशी तरतूद आली की पदव्या, नेट, शोधनिबंध, अनुभव यांचे गुण उमेदवारांची यादी छोटी करण्यापुरते. निवड ठरणार ती फक्त मुलाखतीवर. म्हणजे दहा-पंधरा वर्षांची कमाई दारापर्यंत सोडायला येते आणि तिथून परत फिरते. आत जातो तो एकटा माणूस. त्याच्या एका बाजूला तासिकेगणिक मिळणारं आणि महिनोन्‌महिने न मिळणारं मानधन, दुसऱ्या बाजूला 57,700 रुपयांचं मूळ वेतन, आणि मध्ये पंधरा मिनिटं. आरक्षणाच्या रोस्टरचा बिंदू त्याच्या हातात नाही. कार्यभार, ना हरकत प्रमाणपत्र, जाहिरातीची मुदत, यांतलं काहीच नाही. जागा आधीच ‘फिक्स’ असल्याची कुजबुज तर प्रत्येक बाकावर असतेच, आणि जो फिक्स म्हणून ओळखला जातो त्याला बिचाऱ्याला बहुतेक वेळा त्याचा पत्ता नसतो. तोही टाय आवळून दाराकडेच बघत बसलेला असतो. एवढ्या सगळ्यात हाताला लागतो तो फक्त कपाचा कान. मग तो धरायचा कसा यावर माणूस विचार नाही करणार तर कशावर करणार?

बाहेर पडण्याचा संकेत त्यातल्या त्यात सोपा. उठायचं, खुर्ची आवाज न करता मागे सारायची, ‘थँक्यू’ मध्यभागी बघून म्हणायचं म्हणजे ते सगळ्यांना वाटून जातं, फाइल विसरायची नाही. दार पहिल्या झटक्यात उघडलं तर उत्तम. बाहेर आल्यावर मात्र पुढची मुलाखत तयार असते. सगळा बाक उठून भोवती गोळा होतो.

‘सर, काय विचारलं?’

‘विशेष काही नाही. चहा घेणार का म्हणाले.’

एकदम शांतता पसरते. परांड्याचा फाइल मिटतो, घनसावंगीची पुढे सरकते, कन्नडचे दोघं कान देतात.

‘मग सर, तुम्ही काय सांगितलं?’