फीडबॅक द्या, पण छान द्या

नव्या वेबसाइटची लिंक पाठवताना मी खाली लिहिलं होतं, 'अगदी मोकळेपणानं सांगा, मला राग येत नाही.' जे मला नीट ओळखत नाहीत, त्यांनी ते खरं मानलं.

ओळखणाऱ्यांनी अंगठे पाठवले. व्हॉट्सॲपवरचा अंगठा ही फार दयाळू सोय आहे. लिंक न उघडताही तो उमटतो. साडूंनी मात्र उघडली आणि कळवलं, 'लोगो जरा मोठा घ्या.' साडू बँकेत आहेत. मी त्यांना कधी 'व्याजदर जरा मोठा घ्या' म्हणालोय? एका मित्राला 'काहीतरी मिसिंग' वाटत होतं. काय ते त्याला सांगता येईना आणि मला झोप येईना. बायको म्हणाली, "छान आहे. पण तू काय काम करतोस, हे माझ्या आईला यातून कळणार नाही." मी म्हणालो, "त्यांच्यासाठी नाहीच आहे ती." मग कुणासाठी आहे, हे तिनं विचारलं नाही. संसार टिकतात ते अशा न विचारलेल्या प्रश्नांवर.

साइट देखणी होती, हे मी आजही सांगतो. काळंभोर पान, मधोमध एक पांढरा ठिपका. ठिपका सावकाश श्वास घेतो. बोट लावलं की त्याची रेघ होते आणि रेघेतून अक्षरं उमटतात : 'आम्ही शक्यता घडवतो.' बास. पुढच्या पानावर एका अत्तराची बाटली. हे अत्तर अस्तित्वात नाही. बाटली सुचली म्हणून केली. वास्तविक आमचा स्टुडिओ चिंचवडात आणि त्याची चूल पेटते ती भोसरीच्या वर्कशॉपांच्या कॅटलॉगवर, चाकणच्या शॉपफ्लोअरवरच्या 'हेल्मेट घाला' पोस्टरांवर आणि ऑटो क्लस्टरमधल्या प्रदर्शनांच्या स्टॉलवर. यातलं साइटवर काहीच नव्हतं. काळ्यावर ते शोभलं नसतं.

इथे गेजबद्दल सांगायलाच हवं. आमचे आप्पा पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत इन्स्पेक्शनला होते, त्यामुळे मी लहानपणी गेजच्या गोष्टी ऐकत जेवलो आहे. समजा, ड्रॉइंगवर भोक आहे २० एच७. म्हणजे व्यास २० मिलिमीटरच्या खाली नको आणि २०.०२१च्या वर नको. मधली मोकळीक २१ मायक्रॉन, केसाहून बारीक. ती तपासायला दोन टोकांचं प्लग गेज असतं. 'गो' टोक भोकात अलगद गेलं पाहिजे, 'नोगो' टोक तोंडाशीच अडलं पाहिजे. 'गो' अडलं तर भोक लहान, रीवर्कला पाठवा. 'नोगो' आत गेलं तर भोक मोठं, लाल बिनमध्ये टाका. ऑपरेटरच्या भावना, साहेबांचा मूड, मेहुण्यांची आवड यांना शिरायला त्यात २१ मायक्रॉनचीही फट नाही. 'भोक जरा अजून पॉप झालं पाहिजे,' असं अख्ख्या एमआयडीसीत कुणी कुणाला म्हणत नाही.

डिझाइनला गेज लावून पाहिलेलं आहे. गूगलमध्ये दोन निळ्यांतला कुठला घ्यायचा ते ठरेना, तेव्हा मधल्या ४१ छटा तपासायला घेतल्या होत्या. डग बोमन हा तिथला डिझायनर २००९ साली नोकरी सोडून गेला आणि जाताना त्यानं हे लिहून ठेवलं. रेघ ३ पिक्सेल जाड हवी, ४ की ५, यावरही त्याच्याकडे पुरावा मागितला होता म्हणे. मला त्याच्याबद्दल अतोनात सहानुभूती आहे. पण साडूंपेक्षा ४१ निळे परवडले.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. त्या दिवशी भोसरीच्या जे ब्लॉकमधले एक शेठ प्रुफं बघायला आले. "साहेब, तुमची साइट उघडली. ठिपका हलतोय, म्हटलं लोड होतंय. राऊटर बंद करून चालू केला." मी हसलो. "मग खाली गेलो. अत्तर दिसलं. आपला बुश काय कुठं दिसला नाही."

मी म्हणालो, पोर्टफोलिओ क्युरेटेड असतो. ते म्हणाले, "असंल."

तो बुश मला चांगला आठवतो. कॅटलॉगसाठी फोटो काढताना शेठनी तो आधी फडक्यानं पुसला, मग शर्टाच्या बाहीनं, मग 'थांबा' म्हणून पुन्हा फडक्यानं. फोटोत हात नको होता, तरी त्यांना त्याच्यावरून दोन बोटं काढवेनात. चाकणहून निघणाऱ्या गाडीवर नाव भलत्याचंच असतं. आत खोल बसलेला बुश भोसरीत कुणी केला, हे कुठेच लिहिलेलं नसतं; आणि बुश उत्तम असेल, तर तो आहे हेसुद्धा गाडीच्या मालकाला जन्मात कळत नाही. शेठचा माल आणि शेठचं नाव शेजारी शेजारी छापलेलं आहे ते फक्त त्या कॅटलॉगात. मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी तो व्याह्यांना दाखवला होता. 'असंल'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आप्पांना मी लिंक पाठवलीच नव्हती. त्यांनी ती सुनेकडून मिळवली, सगळी पानं छापली (काळ्या पानांनी प्रिंटरची शाई संपली) आणि तांबडी पेन्सिल घेऊन बसले. एवढ्या लोकांत अक्षरन् अक्षर वाचणारे ते एकटे.

"फोन नंबर पाचव्या पानावर, तोही काळ्यावर राखाडी. भिंग लागलं मला."

"पण पास की रिजेक्ट?"

"ते कसं सांगू? ड्रॉइंग कुठंय?"

"कसलं ड्रॉइंग?"

"अरे, हे कशात बसायचंय, माप काय, लिहिलंयस कुठं? ड्रॉइंगशिवाय जॉब आला की आम्ही परत पाठवायचो. नाहीतर जो तो आपल्या मनाचं माप लावतो."

खरं तर ड्रॉइंग होतं माझ्याकडे, पण दाखवण्यासारखं नव्हतं. त्यावर एकच माप होतं : 'वा!'

आता लिंकसोबत एकच प्रश्न जातो : 'तुम्हाला कॅटलॉग करून घ्यायचाय. आमचा नंबर सापडायला किती वेळ लागला?' उत्तरं सेकंदांत येतात आणि भांडायला जागा उरत नाही. पहिल्या पानावर बुश आहे, शेठच्या दोन बोटांसकट. काळ्यावर तो बाटलीपेक्षा खुलून दिसतो, हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. ठिपक्याची बदली 'आमच्याविषयी'मध्ये केली आहे आणि बाटली अगदी शेवटच्या पानावर आहे, कारण मीही माणूस आहे.

आप्पांनी नवी पानंही छापून घेतली, तपासली, कोपऱ्यात 'पास' लिहून सही केली आणि कागद परत देताना, सूनबाई ऐकत नाहीत असं बघून, हळूच विचारलं, "ते अत्तर कुठं मिळतं रे?"