पक्कडपंडित

सकाळी गाडीनं नुसतं 'टक' करून मान टाकली की सामान्य माणूस वैतागतो. पक्कडपंडित खुलतो. बॉनेट उघडून, बॅटरीच्या टोकावर चढलेला हिरवा-पांढरा थर बघत तो जाहीर करतो, "केबल गेली." केबल गेली म्हणजे तिच्या टोकाला नवीन थिंबल, म्हणजे तारा पकडणारं तांब्याचं टोपण, दाबायचं आलं, आणि थिंबल दाबायचं म्हणजे हत्यार घेणं आलंच!

बॅटरीवाला तयार केबल देतो, हे त्याच्यापुढे बोलू नये. "छिन्नीनं ठोकून देतात हो! स्टार्टर दीडदोनशे अँपिअर ओढतो. तारांत फट राहिली की जोड तापलाच." मग डाग देऊन भागवावं? तर कथील तारांतून वर चढतं, तिथं केबल ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीनं नेमकी तिथंच तुटते. पंचाईत ही, की माणूस बोलतो ते खरं असतं.

मग पुण्याच्या तापकीर गल्लीत फेऱ्या. हातोड्यानं ठोकायचं हत्यार स्वस्त, पण खालच्या मजल्यावरच्या आजी वर येतात. लांब दांड्यांचं बरं, पण 50 चौरस मिलिमीटरच्या केबलला त्यावर अंग टाकावं लागतं. शेवटी घरी येतं ते हायड्रॉलिक, षटकोनी डायच्या पेटीसकट. डायवरचा 35 आणि थिंबलवरचा 35 यांचं मात्र जमेलच असं नाही. सैल बसलं तर तार निसटते, घट्ट बसलं तर थिंबलला दोन्ही बाजूंनी पंख फुटतात. म्हणून आधी एक नमुना दाबायचा, हॅक्सॉनं आडवा कापायचा आणि भिंगातून बघायचा. तारा ओळखू येत नाहीत, तांब्याचा एकजीव गोळा झालाय! तो तुकडा पुढे शर्टाच्या खिशात राहतो आणि चहाबरोबर पाहुण्यांपुढे नातवाच्या फोटोसारखा फिरतो.

गाडी अर्थातच पहिल्या झटक्यात सुरू होते. खरं दुःख इथूनच. एका गाडीला अशा जाड केबली असून असून किती असणार? संध्याकाळी तो पार्किंगमध्ये रेंगाळतो. "तुमची अर्थिंगची केबल काळवंडलीय जरा. काढू का?" लोक हल्ली मागच्या गेटनं ये-जा करतात.

"अहो, गाडी झाली ना चालू? मग दळण घेऊन या," आतून आवाज येतो. दळणाचा डबा खांद्यावर घेऊन पंडित निघतात. पायी. निगेटिव्हचं टोक दुपारीच पुन्हा तपासायला काढून ठेवलेलं असतं.