बियापासून

ओव्हरसियर साहेबांना कोणतीही गोष्ट मधूनच सुरू केलेली खपत नाही. लाइट केव्हा येईल असं विचारलं, तर ते आधी कोराडीला जातात. तिथला कोळसा, मग टॉवर, मग उपकेंद्र असं करत आर्वी नाक्यापर्यंत पोचतात, तोवर लाइट येऊन पंखा फिरायला लागलेला असतो. पाटबंधाऱ्यात उभी नोकरी गेलेली. उगम पाहिल्याशिवाय नळाचं पाणी प्यायचं नाही, असा एकूण खाक्या.

म्हणून २०२३ च्या नवरात्रात कांदा चढायला लागला, तेव्हा वर्धेच्या इतर लोकांनी किलोऐवजी पावभर घेऊन वेळ मारून नेली आणि साहेबांनी बी काढलं. रोपं विकत मिळतात, हे मी भीतभीतच त्यांच्या कानावर घातलं.

"तयार रोप लावणं म्हणजे दहावीतलं पोरगं दत्तक घेऊन मेरिटचे पेढे वाटणं झालं, भाऊ. बियापासून पाहिजे."

घटस्थापनेच्या दिवशी सांदवाडीतल्या वाफ्यात पेरणी झाली. घरात काकूंच्या घटातले गहू तिसऱ्या दिवशी वर आले, सातव्या दिवशी वीतभर झाले. वाफा मात्र ढिम्म. साहेब खुर्ची टाकून समोर बसून.

"अजी, काहून उन्हात बसून राहिले? तुमच्या समोर यायला लाजून राहिले असतील ते," काकू आतूनच म्हणाल्या.

शेवटी पुडी निघाली कपाटातली, दोन वर्षांपूर्वीची. कांद्याच्या बियाचा जीव जेमतेम वर्षभराचा. पुढे उगवण झपाट्यानं घसरते. साहेबांनी दुकानदाराला दोष दिला नाही, काकूंनाही नाही. दसऱ्याला नवी दहा ग्रॅमची पुडी आणून, "पहिल्या पेरणीचा हेतू केवळ तुलनेचा होता," असं गल्लीत जाहीर केलं.

दुसऱ्या वेळी मात्र काम खात्याच्या शिस्तीत. आमची माती काळी. ओली असली की चपलेला धरते, वाळली की तिच्या भेगेत चावी पडते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत सापडत नाही. अशा मातीत कांद्याचं बारीक बी गुदमरतं. म्हणून रेती आणि चाळलेलं शेणखत घालून वीतभर उंच गादीवाफा केला आणि त्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध येईना. साहेब सकाळभर एक चिमूट माती इकडून काढून तिकडे टाकत होते. धरणाच्या भिंतीवर इतकी पाणसळ त्यांनी लावली होती का, हे मी विचारलं नाही. उत्तर धरणाच्या सर्वेक्षणापासून सुरू झालं असतं.

आठव्या दिवशी उगवण झाली. कांद्याचं रोप सरळ वर येत नाही. सुईच्या नेढ्यासारखा वाकलेला हिरवा फास आधी मातीतून निघतो, मग सरळ होतो, आणि बियाचं काळं टरफल टोकाला तसंच राहतं. "सेवाग्रामपासून आठ किलोमीटरवर एवढ्या काळ्या टोप्या!" मी म्हणालो. साहेब सरकारी नोकर होते. अशा विषयांवर ते निवृत्तीनंतरही बोलत नाहीत.

खरी पंचाईत पुढे. ग्रॅमभर बियात अडीचशे-तीनशे दाणे असतात, म्हणजे पुडीत अडीच हजारांच्या वर. रोपं धरली दोनेक हजार. साहेबांचा वाफा दहा बाय आठ फुटांचा, आणि पंधरा बाय दहा सेंटिमीटरवर लावलं तर त्यात मावतात पाचशे. उरलेली दीड हजार गल्लीवर सोडण्यात आली. प्रत्येक घरी ओल्या फडक्यात बांधलेली चाळीस रोपं, सोबत तोंडी सूचना, आणि रविवारी तपासणी.

त्याच आठवड्यात, ८ डिसेंबरला, केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. साहेबांनी ते मनावर घेतलं. आपली लागवड झाली आणि दिल्लीनं दार लावलं, हा त्यांना योगायोग वाटेना. तेव्हापासून ते पेपरात मृत्यूच्या बातम्यांच्याही आधी लासलगावचा भाव वाचू लागले.

आमची चाळीस रोपं दोन दिवस मोरीपाशी होती. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर फडकं वाळत होतं. "ती पात ना? सकाळी तर्रीपोह्यांवर चिरून टाकली," ही म्हणाली. "काकूपण आल्या होत्या. दोनदा घेतले."

रविवारला एकच दिवस होता. मी पलंगाखाली हात घातला. कोंब फुटलेले सात-आठ कांदे निघाले, ते कुंपणाजवळ पुरले आणि कोंब तेवढे वर ठेवले. साहेबांनी लांबूनच पाहिलं. "जोम चांगला आहे," एवढंच म्हणाले. महिन्याभरानं माझी पात त्यांच्यापेक्षा दुप्पट झाली. सांगायला लाज वाटते, पण मी त्यांना पाण्याच्या पाळीबद्दल दोन सल्लेही दिले.

फेब्रुवारीत घात झाला. माझ्या कांद्यांना डेंगळे आले. पोकळ दांडे कंबरेएवढे, टोकाला पांढरे गोंडे, त्यावर माश्यांची जत्रा. साहेब आले, वाकले, बोटांनी बूड मोकळं केलं.

"एका बुडातून चार डेंगळे. भाऊ, कांद्याचं पीक दोन वर्षांचं असतं. पहिल्या वर्षी कांदा, दुसऱ्या वर्षी फूल. रोपाला चुकून एखादा डेंगळा येतो. चार येत नाहीत. हा कांदा तुमच्याकडे येण्याआधी एक जन्म घेऊन आलेला आहे."

मी मान खाली घातली. पण ते रागावले नव्हतेच, डोळे चमकत होते त्यांचे. ताजं बी! संध्याकाळी ते स्कूटरवर रामनगरभर फिरून आले. प्रमाणित बियाण्याला पाचशे मीटरच्या आत दुसऱ्या जातीचा फुलता कांदा चालत नाही, म्हणून भिंतींवरून लोकांच्या परसात डोकावत होते. एका घरी त्यांना मीटर रीडर समजून आत घेतलं म्हणे.

त्यांच्या पिकाचं लवकर सांगून टाकतो. एप्रिलमध्ये निम्म्या माना पडल्या, पाणी तोडलं, काढणी झाली. अठरा किलो, त्यात निम्मी चिंगळी. भाव येईल म्हणून साहेबांनी माल व्हरांड्यात धरून ठेवला. नवतपाच्या उन्हात मात्र गल्लीतल्या प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा त्यांनी स्वतः घातला. उरलेला कांदेनवमीला काकूंनी भज्यांत काढून मोकळा केला. चातुर्मासात त्यांच्या घरी कांदा चालत नाही, ही अडचण साठा करताना साहेबांच्या लक्षात आलेली नव्हती.

दसऱ्याला ते सोनं द्यायला आले. आपट्याच्या पानासोबत वर्तमानपत्राची एक पुडी. वर ओव्हरसियरच्या रेखीव अक्षरात: "कांदा, लाल. मूळ: पलंगाखालील. पेरणी: याच वर्षी."

मी पुडी कपाळाला लावली. साहेब पायरी उतरता उतरता थांबले.

"या वेळी वाफा मी स्वतः करून देतो, भाऊ. आणि वहिनींना म्हणावं, पोहे करायचे झाले तर मलापण बोलवा. काकू अजून आठवण काढते."