तारे तोडण्याची वेळ

कतारमधल्या लुसैलच्या स्टेडियमवर 18 डिसेंबर 2022 रोजी अर्जेंटिना-फ्रान्स सामना 3-3 असा अडला आणि पेनल्टीवर निकाल लागला. इथल्या मराठी घरांत तसाच सामना पहाटे ओट्यावर मुलांच्या शाळेच्या डब्यावरून रंगतो; पेनल्टी मात्र दरवेळी आईलाच. पोळीचे तारे कापा, गाजराची फुलं कोरा, मेथी पराठ्यात अशी दडवा की कस्टमवालाही फसावा. बाबांचं योगदान म्हणजे फोटो. इथे साडेपाच, म्हणजे नाशकात आठ; आजी चहाचा कप घेऊन परीक्षणाला तयारच! “दिसतंय छान, पण तूप लावलंस का गं?” दुपारी तारे जसेच्या तसे परत. चिरंजीवांनी मित्राच्या डब्यातली साखर-पोळी खाल्ली. तीही न कापलेली.