बिनपगारी, फुल अधिकारी

निन्टेंडो कंपनीने जे काम कुणालाही सांगितलं नव्हतं, ते काही मंडळींनी रात्री जागून पुरं केलं आणि १७ ऑक्टोबर २००८ रोजी जगाच्या हवाली केलं. ‘मदर ३’ हा गेम जपानमध्ये २००६ च्या एप्रिलमध्ये आला. तो लिहिला शिगेसातो इतोई यांनी. हे गृहस्थ मूळचे जाहिरातींच्या ओळी लिहिणारे. त्यामुळे शब्द कमी आणि चिमटे फार. परदेशी चाहत्यांनी अर्ज केले, विनवण्या केल्या, सह्या गोळा केल्या. कंपनी ढिम्म. मग चाहत्यांनीच तो इंग्रजीत आणायचं ठरवलं. त्यांचे म्होरके क्लाइड मँडेलिन हे व्यवसायानेच जपानी-इंग्रजी अनुवादक. म्हणजे दिवसा पोटासाठी अनुवाद आणि रात्री विरंगुळा म्हणून पुन्हा अनुवाद! पहिल्याच आठवड्यात लाखावर लोकांनी तो उतरवून घेतला. पुढे मँडेलिन यांनी कंपनीला सुचवलंही, की हवा तर माझा मजकूर फुकट वापरा. कंपनीने तो काही वापरला नाही. २०२४ मध्ये तिने ‘मदर ३’ पुन्हा बाहेर काढला. जपानमध्ये. जपानीत.

यांना यातून मिळतं काय, असा प्रश्न कुणाही व्यवहारी माणसाला पडेल. पैसा मिळत नाही, मागायची सोय नाही. कंपनीकडून शाबासकी तर सोडाच, वकिलाची नोटीस आली नाही हीच मेहेरबानी. आपल्याकडे अशा लोकांना ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ म्हणतात. ते हेटाळणीने म्हणतात, पण अडलेलं काम शेवटी त्यांच्याकडेच जातं.

कामाचं स्वरूप पाहिलं तर हेटाळणी आपोआप थांबते. बाहेरून वाटतं, जपानी आलं की झालं. प्रत्यक्षात भाषा जाणणाऱ्याचा नंबर फार उशिरा लागतो. आधी गेमच्या पोटात मजकूर कुठे दडलाय ते हुडकावं लागतं. जुन्या कार्ट्रिजमध्ये सगळा आकड्यांचा कारभार. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे बऱ्याच गेमांनी आपापल्या मर्जीने ठरवलेलं. पडद्यावरची अक्षरं आणि आतले आकडे यांच्या जोड्या लावत ते कोष्टक नव्याने मांडायचं. ते मांडलं, की कळतं मजकूर दाबून बसवलाय. तो उलगडला, की कळतं प्रत्येक वाक्याचा पत्ता भलत्याच ठिकाणी नोंदलाय. एक वाक्य लांबलं, की पुढच्या सगळ्यांचे पत्ते चुकतात. त्यात जागेची टंचाई. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ चा अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये मावला होता. त्यातले ढग आणि झुडपं ही एकच आकृती आहे, फक्त रंग वेगळा. वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांच्याही हे लक्षात येत नाही. हातात सुरी घेऊन गेम उघडणाऱ्याच्या मात्र पहिल्या तासात येतं.

आणखी एक पेच अक्षरांच्या रुंदीचा. जपानी अक्षरं एकाच मापाच्या चौकोनात गुण्यागोविंदाने राहतात. इंग्रजीतला ‘आय’ सडपातळ, ‘एम’ ऐसपैस. दोघांना सारखी जागा दिली, तर ओळ फाटल्यासारखी दिसते आणि वाक्य खिडकीबाहेर लोंबतं. मग प्रत्येक अक्षराला त्याच्या अंगाएवढीच जागा देणारा प्रोग्रॅम लिहायचा, आणि तो दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये, त्याला कळू न देता घुसवायचा. तीन ओळींच्या संवादासाठी एवढा खटाटोप. तो झाल्यावर अनुवादकाला सांगायचं, ‘वाक्य छान आहे, पण दोन अक्षरं कमी कर.’

कंपन्यांनी हेच काम पगार देऊन केलं, तेव्हा काय झालं? ‘फायनल फँटसी ५’ जपानमध्ये १९९२ मध्ये आला. चाहत्यांनी तो १९९८ पर्यंत इंग्रजीत आणला. अधिकृत इंग्रजी आवृत्ती उगवली १९९९ मध्ये, आणि तिच्यात वायव्हर्न या ड्रॅगनच्या जातीचं नाव ‘वाय बर्न’ असं झळकलं. पगारी माणसाला तारीख गाठायची असते. बिनपगारीला तारीख नसते; म्हणून त्याची कामं कधीकधी दशकभर रेंगाळतात, पण त्यांतल्या ड्रॅगनांना आपापली नावं मिळतात.

ही मंडळी अख्खा गेम वाटत नाहीत, ती तर सरळ चोरीच झाली. ती वाटतात ‘पॅच’, म्हणजे मूळ आणि बदललेला गेम यांच्यातला निव्वळ फरक. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असतं, त्याचाच हा भाऊबंद: अमुक ठिकाणी तमुकऐवजी ढमुक वाचावे. जुन्या आयपीएस पद्धतीच्या फाइलीची सुरुवात ‘पॅच’ या इंग्रजी शब्दाच्या पाच अक्षरांनी होते आणि मध्ये नुसते पत्ते आणि दुरुस्त्या. मूळ प्रत ज्याची त्याने आणायची. तेवढ्याने कायदा खूश होतो असं नाही, पण आपण दुसऱ्याचं काही घेतलं नाही, हे समाधान रात्री झोपताना उपयोगी पडतं. पुस्तकं सोडून फक्त शुद्धिपत्रं जमवणारं वाचनालय कल्पनेत आणा. या लोकांचा खजिना तसा आहे.

सगळेच काही अनुवादक नसतात. काहींना गेमची भाषा नव्हे, स्वभावच बदलायचा असतो. २००७ च्या सुमारास जपानमधल्या एकाने ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ची मोडतोड करून एक भीषण अवघड आवृत्ती बनवली, ती आपल्या मित्राला खेळायला लावण्यासाठी. उडी मारावी तिथेच अदृश्य ठोकळा. सगळे अडथळे पार करून शेवटची रेषा ओलांडली, मारिओ विजयाच्या पवित्र्यात चालू लागला, की तिथेही मरण. मैत्री ही अशी मोजायची असते! जगाने मात्र या छळाची एक स्वतंत्र शाखाच काढली. ‘कायझो’ या नावाने आज तसे गेम बनतात आणि माणसं ते आनंदाने, शिव्या देत खेळतात.

‘दुसऱ्याच्या कलाकृतीला हात कसा लावता?’ असं विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अमेरिकेतल्या एमआयटीच्या काही विद्यार्थ्यांच्या चमूने ‘पॅक-मॅन’ची परस्पर सुधारून वाढवलेली आवृत्ती बनवली होती. ती मिडवे कंपनीने घेतली आणि ‘मिस पॅक-मॅन’ या नावाने बाजारात आणली. दुसरी गोष्ट खुद्द निन्टेंडोची. अमेरिकेत १९८८ मध्ये विकलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ हा मुळात जपानमधला ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाचा वेगळाच गेम. त्यातल्या पात्रांच्या जागी मारिओ मंडळी बसवली, झालं. तेव्हा हात सगळेच लावतात. कुणाच्या हातात शिक्का असतो, कुणाच्या नसतो, इतकंच.

आपणही या विद्येचे आद्य लाभार्थी. नव्वदच्या दशकात आपल्या घरांतल्या टीव्हीला जोडलेले बहुतेक व्हिडिओ गेम नकलीच होते आणि ‘९९९९ इन वन’ची कॅसेटही. त्यातले गेम पाच-पंचवीसच; बाकी त्यांचेच अवतार, कुठे मधल्याच पायरीवरून सुरू होणारे, कुठे नाव बदललेले. ते करणाराही कुणी कारागीरच होता. फरक एवढाच, की त्याने विकायला केलं आणि ही मंडळी वाचायला करतात. हो, वाचायलाच. एखाद्या गेमचा कण न् कण त्याच्या अनुवादकाइतका कुणीच वाचत नाही, कदाचित त्याच्या निर्मात्यानेही पुन्हा वाचलेला नसतो.

हे काम मराठीत करायला कुणी बसलं, तर त्याच्यापुढचे पेच निराळे आहेत. आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच अशा चौकोनात वरची वेलांटी, खालचा उकार, रफार आणि जोडाक्षर कसं मावणार? शिरोरेषा तेवढी सोपी. ती शेजारच्या चौकोनात आपसूक जुळेल. बाकीचं सगळं रात्री जागून सोडवावं लागेल, पगार मिळणार नाही आणि कुणी बोलावलेलंही नसेल. तरीही कुणाचे हात शिवशिवत असतील, तर त्याने परवानगी विचारत बसू नये. आधी ‘कृ’ बसवून पाहावा. तो बसला, तर पुढचं जमेल.