विषय : ‘समस्या आढळली नाही’ या शेऱ्याबाबत

प्रति,
मा. समस्यानिवारक साहेब,
नेटवर्क विभाग, लॅपटॉपचा उजवा खालचा कोपरा,
मुक्काम आमचे घर, नवीन पनवेल, जि. रायगड.

संदर्भ : आपण वेळोवेळी दिलेला वरील शेरा.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, आमच्या लॅपटॉपवरचं वायफाय गेलं असता आपणांस पाचारण करण्यात आलं. आपण पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवत सखोल चौकशी केलीत, ‘समस्या आढळली नाही’ असा अहवाल दिलात आणि नस्ती बंद केलीत. जाता जाता ‘यामुळे आपली समस्या सुटली का?’ असंही विचारलंत. मी ‘नाही’ म्हटलं. आपण माझे आभार मानलेत.

हे पत्र रागाच्या भरात लिहिलेलं नाही. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात झाली, निवृत्त झालो तो अव्वल कारकून म्हणून. त्यामुळे आपली कामाची पद्धत पाहून मला परकं वाटलं नाही, उलट ऊर भरून आला. अर्जदारासमोर पट्टी सरकत ठेवायची, अधूनमधून ‘तपासणी सुरू आहे’ म्हणायचं आणि कंटाळून त्यानेच उठून जावं अशी व्यवस्था करायची, हे कसब शिकवून येत नाही. फरक एकच. आमच्या कचेरीत कागद खरोखरच सापडत नसे. आपल्या टेबलावर तो उघडा पडलेला असतो.

आता त्या दिवशीचाच पत्ता घ्या. आमच्या सूनबाई घरून काम करतात. त्यांनी ती काळी खिडकी उघडली, ‘आयपीकॉन्फिग’ असं टंकलं आणि लॅपटॉपचा पत्ता माझ्यासमोर धरला. तो 169.254 ने सुरू होत होता. साहेब, या आकड्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही असं म्हणून मी आपला अपमान करणार नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटून देण्याचं काम राउटरचं. मागूनही पत्ता मिळाला नाही, तर लॅपटॉप स्वतःच 169.254 चा एक पत्ता ठोकून देतो, म्हणजे स्वयंघोषणापत्र जोडतो. त्या पत्त्यावर इंटरनेट येणं शक्य नाही. तेवढ्या एका आकड्यावरून निदान झालं होतं : लॅपटॉप आणि राउटर यांची भेट पुरती झालेलीच नाही, बाहेरच्या केबलवाल्याचा इथे काही संबंध नाही. हे आपल्याला दिसत होतं. आपण लिहिलंत काय, तर ‘समस्या आढळली नाही’. दुसऱ्या एका खेपेला ‘संगणक बंद करून पुन्हा चालू करा’ असा सल्ला दिलात. या सल्ल्याने काम होतं, नाही असं नाही; पुन्हा चालू झाल्यावर लॅपटॉप पुन्हा पत्ता मागतो आणि बऱ्याचदा तो मिळतो. पण बदली झाली की तक्रार आपोआप निकाली निघते, त्यातलाच हा प्रकार. कारण काय होतं ते कागदावर येत नाही आणि आठ दिवसांनी तोच अर्जदार त्याच खिडकीशी उभा राहतो.

आमच्याकडे गावचे वाद मोजणीने मिटत. वाद कोणत्या बांधावर आहे ते आधी ठरवायचं, मग बाकीचं. आपल्या खात्यात या मोजणीचं साधन जुनं आणि फुकट आहे. माइक म्यूस नावाच्या गृहस्थांनी 1983 च्या डिसेंबरात अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत ‘पिंग’ लिहिलं. समोरच्याला हाक मारायची आणि ओ किती वेळात येते ते बघायचं, इतकंच त्याचं काम. सूनबाई आधी 192.168.1.1 ला हाक मारतात, तो बऱ्याच घरांत राउटरचा पत्ता असतो. तिथून ओ आली नाही तर भानगड घरात. आली, तर 8.8.8.8 ला, म्हणजे गूगलने 2009 पासून सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या सर्व्हरला. तिथून ओ नाही आली, तर राउटरच्या पलीकडे, गल्लीत किंवा कंपनीकडे शोधायचं. आणि तीही आली, पण कुठल्याही साइटचं नाव टाकल्यावर पान उघडत नाही, अशी स्थिती असेल तर नावावरून पत्ता शोधून देणारी नोंदवही, ज्याला डीएनएस म्हणतात, ती बंद पडलेली आहे. रस्ता ठीक आहे, फक्त घराच्या पाट्या पुसल्या गेल्या आहेत. या तिसऱ्या प्रकारात लोक सरसकट ‘नेट गेलं’ म्हणतात आणि राउटरच्या पाठीत धपाटा घालतात.

ही तीन हाकांची मोजणी पाच मिनिटांत होते. आपली पट्टी त्याहून जास्त वेळ सरकते.

त्याही आधी, शेजारी मोबाइल ठेवून त्यावर तेच वायफाय चालतंय का, एवढं तरी पाहायला सांगायचंत. मोबाइलवर चालतंय आणि लॅपटॉपवर नाही, तर पंचनामा लॅपटॉपचा करायचा. तिथे आपल्याच खात्यातले काही जुने गुन्हेगार लपलेले आहेत. वीज वाचवण्याच्या नावाखाली वायफायचं कार्ड झोपवून टाकायची एक परवानगी डिव्हाइस मॅनेजरच्या पोटात दडलेली असते. कीबोर्डावर विमानाचं चित्र असलेली एक कळ असते, तिला पुसताना फडकं लागलं की सगळं बंद. घड्याळाचा सेल संपून लॅपटॉपची तारीख भलत्याच वर्षात गेली, तर वायफाय पूर्ण असूनही बँकेची साइट उघडत नाही, कारण तारीख जुळत नाही म्हणून प्रमाणपत्र नामंजूर होतं. या शेवटच्या कारणाबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. तारीख जुळत नसेल तर अर्ज परत, हे मी आयुष्यभर केलेलं आहे.

लॅपटॉपला खेटून ठेवलेली ती निळ्या पिनेची हार्डडिस्कही मी आपल्या नजरेस आणू इच्छितो. यूएसबी 3.0 च्या जोडणीतून 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट मिसळतो, असं इंटेलने 2012 मध्ये स्वतःच लेखी कबूल केलं. मोठ्या कंपन्यांनी लेखी कबुली देण्याचे प्रसंग थोडे, म्हणून हा कागद मला फार आवडतो. डिस्क हातभर लांब सरकवली की पुष्कळदा रेंज सुधारते.

आपल्याहून जुनी यंत्रणा अधिक प्रामाणिक होती, असं माझं स्पष्ट मत आहे. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे फोनच्या तारेवरून ते घरोघरी आलं, तेव्हा मोडेम आधी टूं टूं करून नंबर फिरवायचा, मग पलीकडचा किंचाळायचा, मग दोघे मिळून खरखरायचे. कानाला त्रास व्हायचा, पण बोलणी कुठे फिसकटली ते ऐकू यायचं. डायल टोनच नाही म्हणजे फोन मेला, किंचाळून गप्प झाला म्हणजे दोघांचं जुळलं नाही. वेग यथातथाच होता, पण गुप्तता नव्हती. आता वेग हजारो पटींनी वाढला आणि सगळ्या कारभारावर एका पिवळ्या त्रिकोणाचं झाकण बसलं.

आता स्थळपाहणीकडे वळतो. साहेब, आपण लॅपटॉपच्या आत बसता, आपल्याला पनवेल दिसत नाही. इथे वायफायची निम्मी भांडणं भिंतींशी आणि पाण्याशी आहेत. जुन्या पनवेलीत, तळ्याच्या अंगाला, अजून काही घरांच्या भिंती जाडजूड आहेत. त्यांतून 5 गिगाहर्ट्‌झची लहर जवळजवळ जातच नाही, 2.4 ची कशीबशी जाते. नव्या पनवेलीत सिमेंटच्या भिंतीत सळया, सळयांच्या पुढे लोखंडी कपाट, कपाटाच्या दारावर आरसा. आणि पिंपं! पनवेलला स्वतःचं देहरंग धरण आहे, तरी उन्हाळ्यात पाणीकपात ठरलेली. म्हणून पॅसेजमध्ये भरलेली पिंपं एका रांगेत उभी. पाणी या लहरी पिऊन टाकतं. आमच्या मजल्यावर एका घरात एप्रिल-मेमध्ये आतल्या खोलीतली रेंज जाते आणि पावसाळा लागला की परत येते, यावर तिथल्या आजींनी ‘उन्हाने होतं’ असं अनुमान काढलंय. ऋतू बरोबर ओळखलाय, आरोपी चुकलाय. राउटर पिंपांच्या वर, माळ्याच्या उंचीला नेऊन ठेवला तर उन्हाळाही सुसह्य होईल. पण तो टीव्हीच्या मागेच ठेवायचा, कारण वायर तिथपर्यंतच येते आणि तिथे तो दिसत नाही, असा बहुतेक घरांतला ठराव आहे.

दुसरी गोष्ट गर्दीची. आपण यादी उघडलीत की शेजारपाजारची सगळी नावं झरझर खाली येतात, कामोठे-खांदा कॉलनीच्या इमारतींत तर यादी संपता संपत नाही. भारत सरकारने 2005 च्या जानेवारीत 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त केला. त्याच वर्षी माहितीचा अधिकारही आला. म्हणजे एकाच वर्षात नागरिकाला माहिती मागायचा हक्क मिळाला आणि ती ज्या वाटेने यायची ती वाट तुंबवायचाही. या पट्ट्यात तेरा चॅनेल मोजून देतात, पण ते एकमेकांच्या अंगावर चढलेले आहेत. एकमेकांना धक्का न लावता बसू शकतात ते 1, 6 आणि 11 असे तिघेच. त्यात स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह 2.45 वर चालतो, तो कुणाचं ऐकत नाही. 2018 च्या ऑक्टोबरात 5 गिगाहर्ट्‌झमध्येही ऐसपैस जागा खुली झाली. पण जुन्या लॅपटॉपच्या कार्डाला 5 चा पट्टा दिसतच नाही. तो बिचारा जुन्याच गर्दीत उभा. लॅपटॉपला 5 दिसतो की नाही, हे आपल्या दप्तरी नोंदलेलं असतं. सांगितलंत कधी?

विमानतळाचा मुद्दा नाइलाजाने घेतो. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्‌घाटन झालं, 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली आणि आमच्या सोसायटीतल्या एका सद्‌गृहस्थांनी तेव्हापासून आपल्या घरच्या वायफायचं सगळं पाप रडारच्या माथी मारलं. त्यांना सांगून उपयोग नाही, म्हणून आपल्याला सांगतो. 5 गिगाहर्ट्‌झच्या मधल्या काही चॅनेलांवर रडारचा मान पहिला असतो, हे खरं. हवामानाची काही रडारं 5.6 च्या आसपास चालतात, आणि त्या चॅनेलांवर बसणारा राउटर अशी चाहूल लागली की चॅनेल सोडून दुसरीकडे जातो. त्या क्षणी नेट तुटल्यासारखं वाटतं. पण या गृहस्थांचा राउटर 2.4 वर आहे आणि त्यांच्या घरात तो फ्रिजवर ठेवलेला आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. पनवेलजवळ हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योट्टाचं डेटा सेंटर 2020 च्या जुलैत सुरू झालं, 7200 रॅकांचं. इथल्या मंडळींना त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. देशभरातल्या कंपन्यांची माहिती आमच्या वेशीपाशी येऊन मुक्काम करते, आणि हॉलमधल्या राउटरपासून आतल्या खोलीतल्या लॅपटॉपपर्यंतचं अंतर तिला पार करता येत नाही. धरण उशाला, कोरड घशाला. हजारो किलोमीटरचा प्रवास समुद्राखालच्या केबलने बिनबोभाट होतो आणि शेवटच्या तीस फुटांत गाडी अडते. म्हणजे अडते ती नेमकी आपल्या कार्यक्षेत्रात, साहेब.

सबब विनंती. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. दिलेल्या मुदतीत सेवा द्यायची, नाकारली तर कारण लेखी कळवायचं. तो आपल्याला लागू नाही हे मी जाणतो, पण त्यातला ‘कारण लेखी’ एवढा भाग आपण स्वखुशीने घ्यावा. ‘राउटरने पत्ता दिला नाही’ असं लिहा. ‘राउटर ओ देतो, त्यापुढचं कुणी देत नाही’ असं लिहा. ‘तुमचं कार्ड मीच झोपवलं होतं’ असं लिहिलंत, तर मी आपला फोटो लावीन. आमची भाषा तांत्रिक नसली तरी आम्ही सातबारा वाचलेली माणसं आहोत, फेरफारातून खरं वाचून काढण्याची सवय आहे. आणि खरोखरच काही आढळलं नसेल, तर ‘मला शोधता आलं नाही’ असं म्हणा. ‘समस्या आढळली नाही’ या वाक्यात दोष अर्जदाराच्या डोक्यात आहे असा वास येतो; हे वाक्य मी स्वतः कैक फायलींवर वाचलेलं आहे आणि ते का लिहितात तेही मला माहीत आहे.

कळावे. उचित कार्यवाहीसाठी सादर.

आपला विश्वासू,
एक ग्राहक, नवीन पनवेल

ता. क. : पत्र पुरं करताना राउटरशेजारच्या डबीवर लाल दिवा लागला. खाली गल्लीत जेसीबी उभा आहे, पाइप टाकायला खड्डा घेतलाय आणि त्यात काळ्या वायरीची दोन टोकं वेगवेगळ्या दिशांना तोंड करून पडली आहेत. केबलवाल्या पोराला फोन केला, तो म्हणाला, ‘काका, फायबर कट आहे, संध्याकाळपर्यंत होईल.’ कारण आणि मुदत, दोन्ही एका वाक्यात. आपण तसदी घेऊ नये, पण सूनबाईंनी सवयीने आपल्याला बोलावलेलं आहे आणि पट्टी सरकते आहे.