मतदार जास्त झाले!

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेचा एक अलिखित नियम आहे: सभासदांनी येऊ नये. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते, मग तिथेच पुन्हा भरते आणि सेक्रेटरी, खजिनदार व वडापावसाठी थांबलेले चौघे मिळून सगळे ठराव एकमताने मंजूर करतात. एखाद्या वर्षी सगळ्या मजल्यांवरची मंडळी खरोखरच खाली उतरली, तर कमिटीच्या तोंडचं पाणी पळतं. अमेरिकेत 2019 साली हेच झालं. संस्था फक्त जरा मोठी होती.

तिचं नाव इंटरनॅशनल कोड कौन्सिल. भिंतीत उष्णतारोधक थर किती जाड, खिडकीला काच कोणती, याची नियमावली ही खासगी संस्था दर 3 वर्षांनी काढते आणि राज्यं, शहरं ती कायदा म्हणून स्वीकारतात. प्रस्तावांवर आधी समिती बसणार, पण शेवटचं मत शहरांच्या, काउंट्यांच्या आणि राज्यांच्या अधिकाऱ्यांचं. लोकसंख्येप्रमाणे एकेका शहराला 4, 8 किंवा 12 मतं. कागदावर झकास लोकशाही. प्रत्यक्षात ऊर्जेच्या प्रकरणावर मत द्यायला फारसं कुणी फिरकत नसे.

समितीतलं वातावरणही घरचंच होतं. बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेशी कौन्सिलचा लेखी करार होता: 11 पैकी 4 जागा त्यांच्या. तो जाहीर करायची दोघांनाही घाई नव्हती. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते काम परस्पर उरकून टाकलं.

त्याच वर्षाच्या शेवटी ऑनलाइन मतदान झालं. हवामान बदलावर आपल्या हातात काय आहे, हे शोधता शोधता शहरांना ही मतपेटी सापडली होती. त्यांनी एकमेकांना सांगितलं, नावं नोंदवली आणि सगळी मिळून मतदानाला उतरली. समितीने नाकारलेले प्रस्ताव पुन्हा जिवंत करायला दोन तृतीयांश मतं लागतात, तीही पडली. यातून आलेल्या नव्या नियमावलीने नव्या घरांची ऊर्जा आधीच्या नियमावलीपेक्षा 9 टक्क्यांच्या आसपास वाचेल, असा हिशेब पुढे अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानेच मांडला.

मग तक्रारी सुरू झाल्या. मतदार नवखे आहेत, कोणत्या प्रस्तावाला मत द्यायचं याच्या याद्या फिरल्या. थोडक्यात, निवडणुकीत निवडणुकीसारखं वागले! बिल्डरांसोबत गॅस कंपन्यांची संघटनाही अपिलात गेली. मतदानावरचा आक्षेप टिकला नाही. पण 2020 मध्ये संचालक मंडळाने काही मंजूर कलमं ‘नियमावलीच्या कक्षेत बसत नाहीत’ म्हणून काढून टाकली.

त्यातलं एक कलम नीट बघा. गॅसची शेगडी बसवायला कुणी मनाई केली नव्हती. फक्त तिच्या शेजारी 240 व्होल्टची वायर आणून ठेवा, एवढंच म्हणणं. उद्या घरमालकाला विजेची शेगडी हवी झाली तर प्लग लावला की झालं. हे काम भिंतीवर जिप्समचा बोर्ड चढायच्या आधी केलं तर चार पैशांत होतं. नंतर बोर्ड कापा, वायर ओढा, लांबी भरा, रंग द्या, आणि वर इलेक्ट्रिशियनच्या तारखेची वाट बघा. म्हणे घरं महागतील. बरोबरच आहे, महागतील. पण पुढच्या मालकाला. त्याला तर अपिलात उभंही राहता येत नाही.

2021 च्या मार्चमध्ये मुळावरच इलाज झाला. ऊर्जेच्या नियमावलीपुरतं ते अंतिम मतदानच बंद. यापुढे तज्ज्ञांच्या समित्या सहमतीने ठरवतील आणि त्यांत सरकारी प्रतिनिधींना एक तृतीयांश जागा राहतील. सभेला गर्दी झाली म्हणून सभाच रद्द करण्याची ही युक्ती आपल्याकडच्या एखाद्या चेअरमनला अजून कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटतं.

बरं, सहमतीचं काय झालं? नव्या समित्यांनीही 2024 च्या नियमावलीच्या मसुद्यात ती वायर घातलीच. पुन्हा अपील आलं, पुन्हा संचालक मंडळ बसलं आणि कलम परिशिष्टात गेलं. म्हणजे ज्याला हवं त्याने घ्यावं.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीने नियमावलीची वाटच पाहिली नाही. 2019 च्या जुलैमध्ये नव्या इमारतींना गॅसची जोडणी बंद करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. मागोमाग राज्यातली अनेक शहरं निघाली. मुलाकडे तिथल्या बे एरियात गेलेल्या आपल्याकडच्या आईबाबांचा फुलका विजेच्या शेगडीवर फुगत नाही, ही तक्रार मला मान्य आहे. आचेचं प्रेम खरंच असतं. तिथे ते प्रेम रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेने कोर्टात नेलं. 2023 मध्ये अपील न्यायालयाने बर्कलीचा नियम मोडीत काढला तो 1975 च्या कायद्याच्या आधारे. तेलटंचाईनंतर ऊर्जा वाचवायला केलेला कायदा तो! बर्कलीने 2024 मध्ये नियम मागे घ्यायचं कबूल केलं.

एवढ्यावर भागलं नाही. 2025 मध्ये खुद्द कॅलिफोर्नियाने कायदा केला: काही अपवाद सोडले, तर 1 जून 2031 पर्यंत राज्याने किंवा शहरांनी घरबांधणीचे नियम आणखी कडक करायचे नाहीत. कारण घरांच्या किमती. तोवर जी घरं उठतील, ती निदान पन्नास वर्षं उभी राहतील आणि त्यांच्या भिंतीत वायर असेल की नसेल, हे ज्याचं त्याचं नशीब.